दुर्गम गावातील हॉटस्पॉट आणि बाहेरचा अँटेना

सह्याद्रीच्या खोऱ्यातील किंवा सातपुड्याच्या घडीत वसलेल्या एखाद्या गावी गेल्यास एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. शाळेचे शिक्षक, ग्रामपंचायतीचा कर्मचारी अथवा रास्त भाव दुकानदार हातातील मोबाईल उंच धरून आधी अंगणात, मग बांधावर आणि शेवटी टेकाडावर चढत असतो. 'इथे रेंज येते' अशी प्रत्येक गावाची एक ठरलेली जागा असते. कोठे ती देवळाची पायरी असते, कोठे पाण्याच्या टाकीचा जिना, तर कोठे नुसता एक उघडा खडक. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, तेव्हा कोकणातील कित्येक मुलांनी अशाच जागी बसून आपला अभ्यास पुरा केला.

ही अडचण आता केवळ संभाषणापुरती राहिलेली नाही. रास्त भाव दुकानातील ई-पॉस यंत्र, १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात सुरू झालेली ई-पीक पाहणी, शाळांची यू-डायस माहिती, ग्रामपंचायतीचे दाखले या साऱ्यांची वाट इंटरनेटवरूनच जाते. दोन तास चालत येऊन यंत्रावर अंगठा ठेवणाऱ्या बाईस 'आज नेट नाही, उद्या या' असे ऐकावे लागले, तर तिचा एक दिवसाचा रोजगार बुडतो आणि धान्यही मिळत नाही. तिच्या दृष्टीने शासन त्या दिवशी बंदच असते.

यावरील कायमचा उपाय म्हणजे गावापर्यंत प्रकाशतंतूची केबल आणि गावाजवळ मोबाईलचा मनोरा. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र शासनाने मंजूर केलेला राष्ट्रीय प्रकाशतंतू जाळ्याचा कार्यक्रम पुढे भारतनेट या नावाने ओळखला जाऊ लागला. राज्यात त्याचे काम महानेटद्वारे हाती घेण्यात आले. जुलै २०२२ मध्ये देशातील २४,६८० वंचित गावांत चौथ्या पिढीची मोबाईल सेवा पोहोचविण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांच्या योजनेस मंजुरी मिळाली. तथापि, केबल येईपर्यंत, आणि आल्यानंतरही रस्त्याच्या खोदाईत ती तुटली म्हणजे, मोबाईलचे सिम घातलेला लहानसा हॉटस्पॉट हाच आधार उरतो. अशा हॉटस्पॉटला बाहेरचा अँटेना जोडल्यास काय साधते आणि काय साधत नाही, हे नीट समजून घेतल्यास ग्रामनिधीतील पैसा वाया जाण्याचे टळेल.

'रेंज' मोजावी कशी?

मोबाईलच्या पडद्यावरील उभ्या काड्यांवर फारसा विश्वास ठेवू नये. किती सिग्नलला किती काड्या दाखवावयाच्या, हे प्रत्येक उत्पादक आपल्या सोयीने ठरवितो. खरे माप डेसिबलमध्ये असते. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस या क्रमाने गेल्यास उणे ९५ डीबीएम किंवा उणे ११२ डीबीएम असा आकडा दिसतो. हॉटस्पॉटच्या व्यवस्थापन पृष्ठावर हाच आकडा आरएसआरपी या नावाने असतो. आकडा उणे असल्याने शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरकस. उणे ८५ किंवा त्याहून बरा असल्यास चिंता नको, उणे १०० च्या पुढे काम अडखळू लागते आणि उणे ११५ च्या आसपास संपर्क कधी तुटेल याचा भरवसा नसतो.

डेसिबलचे गणित नेहमीच्या बेरजेचे नाही, हे ध्यानी घ्यावयास हवे. तीन डेसिबल वाढले म्हणजे शक्ती दुप्पट होते, दहा वाढले म्हणजे दहापट, वीस वाढले म्हणजे शंभरपट. उणे ९० आणि उणे ११० या आकड्यांत दिसावयास थोडाच फरक. प्रत्यक्षात दुसऱ्या ठिकाणी पहिल्याच्या शंभरावा हिस्साच सिग्नल पोहोचलेला असतो.

त्याच पृष्ठावर एसआयएनआर असा दुसरा आकडा असतो. सिग्नल आणि भोवतालचा गोंगाट यांचे ते गुणोत्तर. जत्रेच्या गर्दीत मोठ्याने बोललेलेही ऐकू येत नाही आणि रात्रीच्या शांततेत कुजबूजही कळते, तसाच हा प्रकार. हा आकडा २० च्या आसपास असल्यास उत्तम. शून्याच्या खाली गेल्यास सिग्नल जोरकस असूनही माहिती नीट वाहत नाही. दोन्ही आकडे चांगले असूनही सायंकाळी वेग मंदावत असेल, तर दोष अंतराचा नसून मनोऱ्यावरील गर्दीचा होय. तेथे कितीही महागडा अँटेना लावला तरी उपयोग नाही, आणि ही गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही.

पहिला अडथळा घराचाच

खेड्यातील अनुभव असा की अंगणात बोलता येते, पण खोलीत येत नाही. याचे कारण इमारतीतच असते. पत्र्याचे छप्पर रेडिओलहरींना जवळजवळ पूर्ण अडविते. सलोह काँक्रीटचा स्लॅब, जांभ्या दगडाच्या किंवा मातीच्या जाड भिंती याही लहरींची बरीच शक्ती शोषून घेतात. पत्र्याच्या शाळाखोलीत मधोमध टेबलावर ठेवलेला हॉटस्पॉट म्हणजे झाकण लावलेल्या डब्यात ठेवलेला दिवाच.

पावसाळ्यात सेवा बिघडते तेव्हा दोष पावसाला दिला जातो. मोबाईलच्या या लहरींना पावसाचे थेंब फारसे अडवीत नाहीत. ओली, दाट पालवी मात्र अडविते, आणि खंडित वीजपुरवठ्यामुळे मनोराच बंद पडणे हे तर पावसाळ्यातील नेहमीचेच. मे महिन्यात पानझडीच्या रानातून सुखरूप येणारा सिग्नल ऑगस्टमध्ये क्षीण झाल्यास आश्चर्य मानू नये. मापे दोन्ही ऋतूंत घ्यावीत.

डोंगराचे वागणे मात्र मोठे मजेदार असते. मनोऱ्याकडील बाजूस कडा उभा असेल तर सरळ वाट बंद होते. पण लहरी कड्याच्या माथ्यावरून थोड्या वळून खाली येतात. ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्‌झच्या लांब लहरी अधिक वळतात, २३०० च्या आखूड लहरी कमी. कधी समोरच्या डोंगरावर आपटून त्या माघारी येतात, आणि मनोऱ्याकडे पाठ करून अँटेना धरला असता आकडा सुधारतो. म्हणून नकाशावर मनोऱ्याची दिशा पाहून अँटेना ठोकून टाकणे बरे नव्हे. नकाशाने आरंभ करावा, निर्णय आकड्याने करावा.

अँटेना सिग्नल निर्माण करीत नाही

घरांच्या छपरांवर दूरदर्शनचे ॲल्युमिनियमचे अँटेने उभे असत, तो काळ पुष्कळांच्या स्मरणात असेल. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्यानंतर जेथे जेथे ते पोहोचले, तेथे एकाने कौलांवर चढून दांडा फिरवावयाचा आणि दुसऱ्याने खालून 'आलं, आलं... गेलं!' असे ओरडावयाचे, हा घरोघरचा प्रयोग होऊन बसला. आडव्या काड्यांचा तो अँटेना जपानमधील हिदेत्सुगु यागी व शिंतारो उदा यांच्या १९२६ च्या सुमाराच्या संशोधनातून आला. मोबाईलसाठी वापरला जाणारा दिशादर्शी अँटेना त्याचाच आप्त आहे, आणि तो बसविण्याची रीतही तीच. फरक इतकाच की ओरडण्याऐवजी आकडा वाचावयाचा.

अँटेना स्वतः काहीही शक्ती भरत नाही. सर्व दिशांना विखुरलेले लक्ष तो एका दिशेवर एकवटतो. कानामागे तळहात धरल्यावर दूरचा आवाज जसा स्पष्ट ऐकू येतो तसे. ज्या ठिकाणी मुळात काहीच पोहोचत नाही, तेथे तो काहीच आणू शकत नाही. शून्याला कितीने गुणले तरी शून्यच.

त्याचा दुसरा गुण सहसा लक्षात घेतला जात नाही. तो जसा ऐकतो तसाच बोलतोही. मनोरा कित्येक वॉट शक्तीने बोलत असतो, तर हॉटस्पॉटची शक्ती जास्तीत जास्त सुमारे एक पंचमांश वॉट. त्यामुळे सीमेवरील गावात संकेतस्थळ उघडते, परंतु भरलेला अर्ज किंवा काढलेले छायाचित्र वर चढत नाही. शिक्षकांची ही तक्रार फार जुनी. बाहेरचा अँटेना या परतीच्या वाटेवरही तितकाच साह्यकारी होतो.

चांगल्या प्रतीचा लॉग-पिरिऑडिक किंवा चपटा पॅनेल अँटेना साधारणतः ७ ते ११ डेसिबल लाभ देतो. बोटाएवढ्या अँटेन्यावर '३० डेसिबल' असे छापलेले असल्यास ते खोटे समजावे. लाभ आकारमानाशी बांधलेला असतो. ९०० मेगाहर्ट्‌झची लहर सुमारे ३३ सेंटिमीटर लांब आणि १८०० ची सुमारे १७ सेंटिमीटर, तेव्हा इवल्याशा काडीत मोठा लाभ मावणे शक्यच नाही. फोनच्या पाठीला चिकटवावयाच्या सोनेरी पट्ट्यांबद्दल तर बोलावयासच नको.

केबल किती खाते?

बाह्य अँटेन्याचे बहुतेक प्रयोग फसतात ते केबलमध्ये. एक हिशेब पाहू. समजा, एका शाळेच्या खोलीत उणे ११४ डीबीएम आहे आणि छपरावर फोन धरला असता उणे १०२ दिसते. म्हणजे नुसते बाहेर पडल्यानेच १२ डेसिबल मिळाले. तेथे ९ डेसिबलचा अँटेना लावला तर आकडा उणे ९३ होईल. आता हा सिग्नल खाली आणावयाचा. बाजारात स्वस्तात मिळणारी आरजी-५८ जातीची बारीक केबल १८०० मेगाहर्ट्‌झला दर मीटरमागे पाऊण डेसिबलच्या आसपास खाते. दहा मीटर केबलीत सात-आठ डेसिबल संपतात आणि हाती उणे १०१ येते. अँटेन्याची जवळजवळ सर्व कमाई केबलने गिळली. तेथेच बोटाएवढी जाड, कमी ऱ्हासाची एलएमआर-४०० जातीची केबल वापरल्यास दहा मीटरला सुमारे दोनच डेसिबल जातात आणि आकडा उणे ९५ राहतो. ही केबल महाग, ताठ आणि वळविण्यास अवघड असते. म्हणूनच विक्रेते संचासोबत बारीक केबल देतात, आणि ग्राहक तिच्या लांबीवरच खूश होतो.

दूरदर्शनची जुनी केबल घरात पडून असते, ती वापरण्याचा मोह होतो. ती ७५ ओहमची, तर मोबाईल अँटेना ५० ओहमचा; शिवाय टोकांचे जोड वेगळे. तात्पुरत्या चाचणीस एक वेळ चालेल, कायमच्या कामास ती योजू नये.

आणखी एक बाब. चौथ्या व पाचव्या पिढीची उपकरणे एकाच वेळी किमान दोन अँटेन्यांनी ऐकतात. त्यामुळे एक अँटेना व एक केबल लावून अर्धेच काम होते. परस्परांशी काटकोनात, तिरपे बसविलेले दोन अँटेने किंवा एकाच पेटीत दोन असलेला पॅनेल घ्यावा. हॉटस्पॉटला बाहेरच्या अँटेन्यासाठी जोड आहे की नाही, हे सर्वांत आधी पाहावे. लहान उपकरणांत टीएस-९ नावाचा नाजूक जोड असतो, मोठ्या राउटरवर एसएमए. पुष्कळ हॉटस्पॉटना मुळी जोडच नसतो, आणि हे अँटेना आणल्यावर कळते.

लहरींऐवजी माहिती खाली आणावी

कोकणात व घाटावर एक युक्ती गावकऱ्यांनीच शोधून काढली आहे. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांबूला किंवा झाडाच्या फांदीला टांगावयाचा, त्याचा हॉटस्पॉट चालू ठेवावयाचा आणि खाली ओसरीत बसून दुसऱ्या फोनवर काम करावयाचे. या युक्तीस हसण्याचे कारण नाही. तंत्रदृष्ट्या ती अनेक विकत घेतलेल्या संचांपेक्षा निर्दोष आहे. जेथे सिग्नल आहे तेथे उपकरणच नेले की केबलीतील ऱ्हासाचा प्रश्नच उरत नाही. वायफाय काही मीटर खाली सहज पोहोचते.

हेच तत्त्व कार्यालयासाठी पक्क्या स्वरूपात वापरता येते. अंगभूत अँटेना असलेला, उघड्यावर बसविण्याजोगा राउटर खांबावर उंच लावावा आणि तेथून खोलीत साधी इथरनेट केबल आणावी. त्याच केबलीतून त्याला वीजही देता येते. इथरनेट केबलीतून १०० मीटरपर्यंत माहिती न घटता येते, कारण तिच्यातून क्षीण लहरी नव्हे तर अंकरूप माहिती वाहत असते. ग्रामपंचायत किंवा शाळा नव्याने खर्च करणार असेल, तर सुट्या अँटेन्यापेक्षा हा मार्ग बहुधा श्रेयस्कर ठरतो. आधीचा हॉटस्पॉट चांगला असेल व त्यास जोड असेल, तरच अँटेना व जाड, आखूड केबल यांचा विचार करावा. साधा फोन किंवा बॅटरीचा हॉटस्पॉट मात्र बंद पेटीत घालून चैत्र-वैशाखाच्या उन्हात टांगू नये. उष्णतेने बॅटरी फुगते आणि पेट घेण्याचाही धोका असतो.

बिनखर्चाचा एक उपाय याही आधीचा आहे. निरनिराळ्या कंपन्यांची सिमकार्डे घालून त्याच जागी आकडे पाहावेत. एका कंपनीचा मनोरा डोंगराआड असला तरी दुसरीचा उघड्यावर असू शकतो. भारतात चौथ्या पिढीची सेवा ८५० पासून २५०० मेगाहर्ट्‌झपर्यंतच्या अनेक पट्ट्यांत विभागलेली आहे, आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या पाचव्या पिढीसाठी ७०० आणि ३३०० मेगाहर्ट्‌झचे पट्टेही वापरात आले. विकत घ्यावयाचा अँटेना आपल्या गावात ज्या पट्ट्यात सेवा मिळते त्यासाठी बनलेला आहे ना, हे पाहूनच खरेदी करावी.

बूस्टरपासून दूर राहावे

अँटेना आणि बूस्टर या दोन वस्तूंत मोठा भेद आहे, आणि गावोगावी नेमकी त्याचीच गल्लत होते. अँटेना केवळ गोळा करतो. बूस्टर अथवा रिपीटर सिग्नल विजेच्या साह्याने मोठा करून पुन्हा प्रक्षेपित करतो. दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचनेत स्पष्ट केले की, परवानाधारक दूरसंचार सेवा देणाऱ्यांखेरीज अन्य व्यक्तीने किंवा संस्थेने मोबाईल बूस्टर बाळगणे, विकणे वा वापरणे बेकायदेशीर आहे. ऑनलाइन बाजारात वस्तू दिसते म्हणून ती कायदेशीर ठरत नाही. पंचायतीच्या खरेदी नोंदवहीत तिची नोंद झाली, तर उत्तर देण्याची पाळी सदस्यांवर येईल.

कायद्यामागील कारणही समजून घेण्याजोगे आहे. हलक्या प्रतीचा बूस्टर गोंगाटही तितकाच मोठा करून मनोऱ्याकडे फेकतो. मनोऱ्याचे कान त्यामुळे बधिर होतात आणि एका घराची सोय होताना पंचक्रोशीतील इतरांचे बोलणे तुटू लागते. लांबचा, आधीच क्षीण आवाजाने बोलणारा वाडीवरचा फोन सर्वांत आधी तुटतो.

बसविताना

खांब उभा करण्यापूर्वी वर पाहावे. विजेच्या तारांपासून खांबाच्या उंचीपेक्षा अधिक अंतर राखावे, म्हणजे तो कलंडला तरी तारेस लागणार नाही. लोखंडी नळ उचलताना उच्चदाबाच्या तारेस लागल्यास वाचण्याची संधी फारशी नसते. शाळेच्या आवारात हे काम मुले घरी गेल्यावरच करावे, हौशी विद्यार्थ्यांना छपरावर चढवू नये. धातूच्या खांबास जाड तारेने भूसंपर्क द्यावा आणि केबल आत शिरते तेथे वीजरोधक बसवावा. विदर्भ-मराठवाड्यात वळवाच्या पावसाबरोबर विजा पडतात. ढग दाटून येताच केबल यंत्रापासून काढून ठेवणे हा सर्वांत स्वस्त विमा.

जोडांत पाणी शिरल्यास पहिल्याच पावसाळ्यात संच निकामी होतो. जोडांवर रबरी चिकटपट्टी घट्ट ताणून गुंडाळावी, आणि केबल भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथून टपकेल, आत येणार नाही. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा जोड उघडून हिरवा गंज चढला आहे काय ते पाहावे. माकडांचा उपद्रव असलेल्या गावी केबल नळीतून न्यावी.

दिशा ठरविताना अँटेना एकदम फिरवू नये. घड्याळाच्या काट्याप्रमाणे थोडा थोडा वळवून प्रत्येक ठिकाणी एक-दोन मिनिटे थांबावे, कारण उपकरणास नवा आकडा दाखविण्यास वेळ लागतो. आरएसआरपी आणि एसआयएनआर हे दोन्ही आकडे वहीत लिहून घ्यावेत. दोहोंत झुकते माप एसआयएनआरला द्यावे.

ही वही पुढेही कामास येते. छपरावर, टाकीवर, टेकडीवर कोठेही उणे ११५ च्या वर आकडा येत नसेल, तर अँटेन्याचा विचार सोडून द्यावा. अशा वेळी तारीख, वेळ, जागा, कंपनी आणि आकडा यांचा तक्ता ग्रामसभेच्या ठरावास जोडून सेवा देणाऱ्या कंपनीकडे व जिल्हा प्रशासनाकडे पाठवावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या सेवागुणवत्ता विनियमांनुसार कंपन्यांनी आपल्या सेवाक्षेत्राचे नकाशे प्रसिद्ध करणे बंधनकारक झाले आहे. त्या नकाशात गावावर रंग भरलेला असेल आणि वहीत उणे ११८ लिहिलेले असेल, तर दोन्हींच्या प्रती शेजारी शेजारी लावून पाठवाव्यात.